स्टीव्हन मॅकग्रेगर : माहितीपटकार आणि पटकथाकार

रीळ

'स्वीट कंट्री' (२०१७) पाहिलेल्यांना दिग्दर्शक वॉरविक थॉर्नटन माहीत असतो. व्हेनिसला विशेष ज्युरी पारितोषिक, टोरांटोला 'प्लॅटफॉर्म' विभागाचं पारितोषिक, त्याच वर्षी एशिया पॅसिफिक स्क्रीन अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, आणि २०१८ च्या आक्टा या ऑस्ट्रेलियन चित्रपट पुरस्कारांत चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा वगैरे बरंच काही. त्यातला पटकथेचा पुरस्कार ज्या दोघांचा, ते स्टीव्हन मॅकग्रेगर आणि डेव्हिड ट्रँटर. त्यांच्याबद्दल मराठीत कुठे काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. मुख्यतः मॅकग्रेगरबद्दल, कारण त्याची वाट वेगळी आहे. तो आधी माहितीपटकार आहे आणि पटकथाकार म्हणून गाजल्यावरही त्याने माहितीपट सोडलेले नाहीत.

तो ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतला, मूलनिवासी समाजातला. ठळक कामं अशी:

'मार्न ग्रूक' (१९९६), ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधल्या मूलनिवासी खेळाडूंवरचा माहितीपट. 'कोल्ड टर्की' (२००३), जेमतेम पन्नास मिनिटांची कथा, मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जमधले दोन भाऊ आणि दारू. 'माय ब्रदर व्हिनी' (२००६), अभिनेता ॲरन पीडरसन आणि तो ज्याचा सांभाळ करतो तो अपंग भाऊ. 'क्रोकर आयलंड एक्सोडस' (२०१२). 'बिग नेम नो ब्लँकेट' (२०१३), वारुंपी या रॉक बँडच्या गायकावर. 'सर्व्हंट ऑर स्लेव्ह' (२०१६). याशिवाय एबीसी वाहिनीच्या 'रेडफर्न नाऊ' आणि 'मिस्ट्री रोड' या मालिकांचं लेखन.

माझं म्हणणं एवढंच की या माणसाच्या पटकथेची मुळं त्याच्या माहितीपटांत शोधायला हवीत. साक्ष देणाऱ्या माणसासमोर बसून ऐकायची जी सवय माहितीपटात लागते, तीच 'स्वीट कंट्री'च्या पानांत उतरली आहे. बोलणारी पात्रं कमी, पाहणारी जास्त. जाणकारांनी भर घालावी.

माळरान

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

एक प्रश्न: नव्वदच्या दशकात ॲलिस स्प्रिंग्जसारख्या आडगावातून इतके लोक एकदम चित्रपटात कसे आले? थॉर्नटन तिथला, ट्रँटर तिथला, एरिका ग्लिन तिथली, बेक कोल तिथली. हा योगायोग नसणार.

तिसरी घंटा

माळरान, मुळीच योगायोग नाही. त्यामागे एक संस्था आहे: कामा, म्हणजे सेंट्रल ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल मीडिया असोसिएशन. १९८० मध्ये फ्रेडा ग्लिन, जॉन माकुम्बा आणि फिलिप बॅटी यांनी सुरू केली. फ्रेडा ग्लिन ही वॉरविक आणि एरिका यांची आई. आधी रेडिओ, मग ध्वनिफिती, मग व्हिडिओ. १९८८ च्या जानेवारीत याच खटपटीतून इम्पार्जा ही दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली. 'मार्न ग्रूक' हीसुद्धा 'कामा'चीच निर्मिती.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. 'कामा'त माणूस एकाच खात्यात अडकून पडत नसे. दोन-तीन जणांची तुकडी गाडीत बसून पाचशे-सातशे किलोमीटर आतल्या वस्तीवर जायची. कॅमेरा एकाकडे, ध्वनी दुसऱ्याकडे, प्रश्न विचारणारा तिसरा, आणि गाडीचा टायर फुटला तर बदलणारे तिघंही. डेव्हिड ट्रँटर मूळचा ध्वनिमुद्रक आहे. वर्षानुवर्षं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडापुढे मायक्रोफोन धरून बसलेला माणूस पुढे पटकथा लिहितो, तेव्हा लोक कसे बोलतात आणि कुठे थांबतात याचा साठा त्याच्या कानात असतो. हे शिक्षण कुठल्याही लेखन कार्यशाळेत मिळत नाही.

दुसरी पायरी सरकारी. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियन फिल्म कमिशनने मूलनिवासी चित्रकर्मींसाठी स्वतंत्र विभाग काढला. २००८ मध्ये ते कमिशन 'स्क्रीन ऑस्ट्रेलिया'त विलीन झालं, विभाग टिकला. या विभागाने शहाणपणाचं काम केलं ते पायऱ्या ठरवण्याचं. आधी लघुपटांचे संच. १९९६ चा 'फ्रॉम सँड टू सेल्युलॉइड' हा पहिला, त्यात सहा लघुपट होते आणि थॉर्नटनचा 'पेबॅक' त्यातलाच. लघुपटांनंतर पन्नास मिनिटांच्या कथा ('कोल्ड टर्की' या टप्प्यावरची), आणि त्यानंतर पूर्ण लांबीचा चित्रपट.

पन्नास मिनिटांच्या पायरीचं महत्त्व लोक विसरतात. दहा मिनिटांचा लघुपट एका कल्पनेवर निभावतो. शंभर मिनिटांना तीन-चार पात्रांचा प्रवास आणि मधली पडझड सांभाळावी लागते. दहावरून एकदम शंभरावर उडी मारली की साधारण चाळिसाव्या मिनिटाला चित्रपट बसतो, कारण लेखकाने मधला भाग कधी लिहिलेलाच नसतो. पन्नास मिनिटांत तो मधला भाग लिहावाच लागतो.

रीळ

तिसरी घंटा, या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. 'कोल्ड टर्की'बद्दल थोडी भर: त्यातला काळ सरळ चालत नाही. धाकटा भाऊ कूबर पेडीच्या ओपल खाणीत कामाला निघणार, थोरल्याला ते सहन होत नाही, आणि पिण्यात गेलेली एक रात्र आपल्याला तुकड्यातुकड्यांनी कळत जाते. ही रचना लेखकाने हौसेखातर केलेली नाही. खूप प्यायलेल्या माणसाला रात्र तशीच आठवते. आशयातून रचना निघते ती अशी.

सिडनीकर

पैशाच्या बाजूबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय ही कारकीर्द नीट समजणार नाही.

ऑस्ट्रेलियात माहितीपटाचं अंदाजपत्रक एका ठिकाणाहून भरत नाही. साधारण चार ताटं मांडावी लागतात. पहिलं, प्रसारकाची पूर्वविक्री, म्हणजे माहितीपट बनण्याआधीच वाहिनीने तो विकत घेणं: एबीसी, एसबीएस या सार्वजनिक वाहिन्या किंवा एनआयटीव्ही. दुसरं, स्क्रीन ऑस्ट्रेलिया. तिसरं, राज्याची संस्था, म्हणजे टेरिटरीत 'स्क्रीन टेरिटरी', न्यू साउथ वेल्समध्ये 'स्क्रीन एनएसडब्ल्यू'. चौथं, प्रोड्यूसर ऑफसेट नावाचा करपरतावा. पूर्ण लांबीच्या चित्रपटगृही चित्रपटाला पात्र खर्चाच्या (परताव्यासाठी धरल्या जाणाऱ्या खर्चाच्या) ४० टक्के. इतर प्रकारांना आधी २० टक्के होता, १ जुलै २०२१ पासून ३० टक्के झाला.

क्रम महत्त्वाचा आहे. प्रसारकाचं पत्र हातात नसेल तर बाकीची दारं सहसा उघडत नाहीत. त्यामुळे विषय कितीही मोलाचा असला तरी आधी एक वाहिनी हवी. एनआयटीव्ही ही मूलनिवासी वाहिनी जुलै २००७ मध्ये सुरू झाली, पण तेव्हा ती केबल-उपग्रहावर होती. १२ डिसेंबर २०१२ ला ती एसबीएसच्या छत्राखाली देशभर मोफत दिसू लागली. 'सर्व्हंट ऑर स्लेव्ह'सारख्या विषयाला हक्काचं दार मिळालं ते या वाहिनीमुळे.

बिघडतं कुठे? दोन ठिकाणी. एक, परतावा चित्रपट पूर्ण होऊन विवरणपत्र भरल्यावर मिळतो. चित्रीकरणाच्या दिवशी तो पैसा हातात नसतो, त्यावर कर्ज काढावं लागतं, आणि त्या व्याजाची ओळ अंदाजपत्रकात घालायला नवे निर्माते विसरतात. दोन, उंबरठा. एकट्या माहितीपटाला किमान ५ लाख डॉलर पात्र खर्च लागतो, शिवाय तासाला किमान अडीच लाख. छोटा, जिव्हाळ्याचा माहितीपट या उंबरठ्याखाली राहिला की त्याला ऑफसेट मिळतच नाही. म्हणून पाव-अर्ध्या तासाचे माहितीपट बहुतांशी अनुदानावर उभे राहतात, मालिकाबद्ध योजनांतून.

पाणवठा

'सर्व्हंट ऑर स्लेव्ह'बद्दल सविस्तर लिहायलाच हवं. या माणसाच्या कामातलं माझ्या मते सगळ्यात कठीण काम ते आहे.

आधी पार्श्वभूमी. न्यू साउथ वेल्समध्ये १९०९ चा मूलनिवासी संरक्षण कायदा होता. १९१५ च्या दुरुस्तीने संरक्षण मंडळाला असा अधिकार मिळाला की न्यायालयात दुर्लक्ष सिद्ध न करताही मूल आईबापांपासून काढून नेता येईल. मुली कूटामुंड्राच्या गृहात जायच्या. तिथे झाडलोट, धुणं, इस्त्री, स्वयंपाक शिकवायचा आणि चौदा-पंधराव्या वर्षी गोऱ्या कुटुंबात मोलकरीण म्हणून पाठवायचं. वेतन मंडळाकडे जमा व्हायचं, मुलीच्या हातावर किरकोळ खर्चाला काही पेन्स. जमा झालेली रक्कम बहुतेकींना कधीच मिळाली नाही. हे गृह १९६९ पर्यंत चालू होतं.

माहितीपटात पाच स्त्रिया बोलतात. सगळ्या आज्या-पणज्या झालेल्या. कामाचे तास, मार, लैंगिक अत्याचार, आणि त्यानंतरचं मौन हे सगळं त्या स्वतःच्या शब्दांत सांगतात. मॅकग्रेगरने निवेदकाचा आवाज पुढे आणलेला नाही. बोलण्याच्या मध्ये पुनर्रचित दृश्यं येतात.

या पद्धतीत धोका मोठा असतो. पुनर्रचित दृश्यातली मुलगी रडू लागली, ओठ हलवून बोलू लागली, की प्रेक्षक तिच्याकडे पाहतो आणि खरी बाई पार्श्वनिवेदक होऊन जाते. साक्ष दुय्यम, नाटक मुख्य. त्यामुळे अशा दृश्यांत संवाद टाळतात, चेहरा कमी आणि हात, पाठ, दार, बादली जास्त दाखवतात, आणि भावनेचा कळस आला की खऱ्या चेहऱ्यावर परततात.

कागदपत्रांबद्दल एक. मंडळाची १९१६ ते १९२८ या काळातली वॉर्ड रजिस्टर, म्हणजे ताब्यात घेतलेल्या मुलांच्या नोंदवह्या, राज्य अभिलेखागारात आहेत. त्यात एक रकाना असा आहे की मंडळाने या मुलाचा ताबा का घेतला. कारण लिहायचं ते मंडळानेच. असा एकतर्फी कागद पडद्यावर नुसता दाखवला तर प्रेक्षक त्यालाच सत्य समजतो. माहितीपटकाराने कागद दाखवताना त्याच वेळी ज्या बाईबद्दल तो आहे तिचा आवाज वर ठेवायला हवा. हे साधं वाटतं, पण दूरचित्रवाणीवरच्या बऱ्याच इतिहासपटांत याच्या उलट असतं.

माळरान

पाणवठा, वेतनाचं पुढे काय झालं? भरपाई मिळाली का?

पाणवठा

राज्यागणिक वेगळं. न्यू साउथ वेल्सने २००० नंतरच्या दशकात परतफेडीची योजना आणली, पण मंडळाच्या नोंदीच अपुऱ्या, त्यामुळे आपली रक्कम सिद्ध करणं अनेकांना जमलं नाही. क्वीन्सलंडमध्ये सामूहिक दावा झाला आणि २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोपर्यंत मूळ कामगारांपैकी कित्येक जण गेले होते.

मजकूर

मुलाखतींवर उभ्या माहितीपटाची 'पटकथा' म्हणजे नक्की काय, असा प्रश्न नेहमी पडतो. चित्रीकरणानंतरचं लेखन कसं चालतं ते लिहिते.

वयस्क व्यक्ती सावकाश बोलतात, मिनिटाला ११०-१२० शब्द धरा. समजा पाच जणींच्या प्रत्येकी तीन तास मुलाखती आहेत. पंधरा तास, म्हणजे लाखभर शब्द. तासाभराच्या वेळेत बसणारा माहितीपट ५२ ते ५८ मिनिटांचा. त्यातला दोन तृतीयांश वेळ बोलणं धरलं तर चार-साडेचार हजार शब्द मावतात. म्हणजे शंभरातले चार शब्द ठेवायचे आणि शहाण्णव काढायचे. लेखन ते हेच.

पायऱ्या: सगळ्या मुलाखतींचं वेळसंकेतासह लिप्यंतर. मग कागदावरचं संकलन, प्रत्येक उतारा वेगळ्या पट्टीवर, विषयानुसार नव्हे तर घटनाक्रमानुसार लावायचा. त्यानंतर एक वाचन फक्त पुनरुक्तीसाठी: पाच जणी एकच गोष्ट सांगत असतील तर कोणाची ठेवायची? जिच्या बोलण्यात वस्तू आहे तिची. 'फार वाईट वागवायचे' हे वाक्य जातं, जेवण कुठल्या भांड्यात मिळायचं हे सांगणारं वाक्य राहतं. शेवटी ऐकून तपासणी. कागदावर उत्तम वाटलेलं वाक्य कित्येकदा आवाजात पडतं, कारण वाक्याच्या शेवटी श्वास तुटलेला असतो किंवा मागे ट्रक गेलेला असतो.

मुलाखत संपल्यावर त्या खोलीची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट मुद्रित करून ठेवायची असते. ती नसेल तर दोन वाक्यं जोडताना सांधा ऐकू येतो. थकलेली तुकडी हेच विसरते, आणि साक्ष देणारी बाई पुन्हा त्या खुर्चीत बसायला कदाचित तयार नसते.

मूलनिवासी भाषेतली मुलाखत असेल तर भाषांतर कागदी संकलनाच्या आधी हवं. ते नंतरवर ढकललं की संकलक वाक्य मधेच कापतो, कारण वाक्य कुठे संपतं ते त्याला कळत नाही. मग उपशीर्षकं बरोबर आणि आवाज अर्धवट, असा विचित्र प्रकार होतो आणि तो फक्त त्या भाषेच्या लोकांना कळतो. ज्यांच्याबद्दल चित्रपट आहे त्यांनाच तो तुटका ऐकू यावा, हा अन्याय आहे.

तिसरी घंटा

मजकूर, फार नेमकं. यात संमतीचा भाग जोडतो, कारण तिथे सगळ्यात जास्त चुका होतात.

स्क्रीन ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये 'पाथवेज अँड प्रोटोकॉल्स' ही मार्गदर्शिका काढली. विधिज्ञ टेरी जँकी यांनी लिहिली आहे. तिचा गाभा असा की कॅमेऱ्यासमोरच्या माणसाची सही पुरेशी नाही, कारण गोष्ट एकट्याची नसते. ती कुटुंबाची, कधी कुळाची, कधी विशिष्ट भूमीची असते. त्यामुळे: कोणाला विचारायचं हे आधी शोधा, एकाच ज्येष्ठाच्या होकारावर थांबू नका, कच्चं संकलन अंतिम होण्यापूर्वी संबंधितांना दाखवा, सल्लागार आणि दुभाष्या यांचं मानधन अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर धरा, आणि पूर्ण झालेल्या प्रती वस्तीत ठेवा.

मृत व्यक्तीचा प्रश्न वेगळा. अनेक समाजांत मृत व्यक्तीचं नाव घेणं आणि प्रतिमा दाखवणं काही काळ वर्ज्य असतं. म्हणून ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीवर कार्यक्रमाच्या सुरुवातीला सूचना येते. पण सूचना लावली म्हणजे काम झालं असं नाही. 'बिग नेम नो ब्लँकेट'चा विषय असलेला जॉर्ज रुरांबू २००७ मध्ये एल्को बेटावर वारला. तो उत्तर किनाऱ्यावरच्या योल्ंगू समाजातला, आणि वारुंपी बँड मात्र हजाराहून जास्त किलोमीटर दक्षिणेला, वाळवंटातल्या पापुन्याचा. म्हणजे दोन वेगळे प्रदेश, दोन वेगळे रीतिरिवाज. अशा गायकावर त्याच्या मृत्यूनंतर चित्रपट काढायचा तर कुटुंबाच्या परवानगीशिवाय त्याचा एक फोटोही वापरता येत नाही. आणि चित्रीकरण ते प्रसारण या काळात आणखी कोणी गेलं तर पुन्हा जाऊन विचारावं लागतं. यासाठी वेळापत्रकात मोकळे आठवडे लागतात. प्रसारणाची तारीख आधी पक्की करून टाकली की नेमके तेच आठवडे कापले जातात.

वारुंपी बँडबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८३ साली त्यांनी लुरित्जा भाषेत गायलेली रॉक तबकडी काढली, ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी भाषेतली पहिली. १९८६ मध्ये मिडनाइट ऑइल या ऑस्ट्रेलियन रॉक बँडबरोबर त्यांचा वाळवंटातल्या वस्त्यांचा दौरा गाजला.

सिडनीकर

'क्रोकर आयलंड एक्सोडस' राहिलाच. तो आवर्जून पाहावा असा आहे.

१९ फेब्रुवारी १९४२ ला जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले. क्रोकर बेटावर मेथडिस्ट मिशन होतं, तिथे ९५ मुलं. ही मुलं आईबापांकडून काढून आणलेलीच होती. समुद्रमार्गे मोठं जहाज येण्याची शक्यता नाही. मग मार्गारेट सॉमरव्हिल आणि इतर मिशनरी त्यांना घेऊन निघाले: होडीने मुख्य भूमी, मग आर्नहेम लँडमधून पायी, ट्रक, आगगाडी. पाच हजार किलोमीटरच्या आसपास, ४४ दिवस, शेवट सिडनीजवळच्या ऑटफर्डला. बहुतेक मुलं १९४६ मध्ये परतली.

चित्रपट ही गोष्ट त्यावेळी लहान असलेल्या तीन स्त्रियांच्या तोंडून ऐकवतो. याच घटनेवर मिशनच्या पराक्रमाचा चित्रपट सहज झाला असता. कष्ट खरे होते, मिशनऱ्यांची माया खरी होती. पण मुलं मुळात त्या बेटावर का होती, हा प्रश्न अशा चित्रपटात उरलाच नसता. मॅकग्रेगर दोन्ही एकत्र धरतो. त्या स्त्रियांना सांभाळणाऱ्या बाईबद्दल कृतज्ञता आहे आणि आईपासून तोडलं गेल्याचं दुःखही आहे, दोन्ही एकाच वाक्यात येतात, आणि चित्रपट त्यातलं एकही पुसत नाही.

चित्रीकरणाची अडचण: उत्तरेला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा आर्नहेम लँडचे कच्चे रस्ते बंद होतात. मुलांचा प्रवास मात्र नेमका त्याच दिवसांतला, नद्या फुगलेल्या असतानाचा. चित्रपटाची तुकडी सहसा कोरड्या महिन्यांत जाते, म्हणजे गवत पिवळं आणि नदीला पाणी कमी. अशा ठिकाणी विस्तृत दृश्यं टाळून पाय, चिखल, पाण्याची कड इतकंच चौकटीत धरावं लागतं, नाहीतर ऋतू खोटा दिसतो.

रीळ

आता 'स्वीट कंट्री'कडे. (पुढे कथेचा शेवट उघड केला आहे. पाहिला नसेल त्यांनी हा प्रतिसाद ओलांडावा.)

काळ १९२९, जागा मध्य ऑस्ट्रेलिया. सॅम केली हा मूलनिवासी गुराखी स्वतःचा जीव वाचवताना एका गोऱ्या जमीनदाराला गोळी घालतो आणि बायकोसह रानात पळतो. मुळाशी विलाबर्टा जॅक नावाच्या माणसावरचा खरा खटला आहे. ही हकीकत ट्रँटरच्या घरात आजोबांकडून चालत आलेली. चित्रपटातल्या पोराचं, फिलोमॅकचं, नावही आजोबांचंच.

१९२९ हे साल लक्षात घ्या. आदल्याच वर्षी, १९२८ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, कॉनिस्टनचं हत्याकांड झालं. डिंगो, म्हणजे रानकुत्रे मारणाऱ्या एका गोऱ्या शिकाऱ्याच्या खुनानंतर कॉन्स्टेबल मरेच्या तुकडीने वार्ल्पिरी, अन्मात्येर, कायतेत्ये लोकांना ठार केलं. सरकारी आकडा ३१, खरा त्याहून बराच जास्त मानला जातो. चौकशी मंडळाने मारणाऱ्यांना निर्दोष ठरवलं. ही हवा पटकथेत आहे, पण कोणी पात्र उभं राहून इतिहास सांगत नाही.

आता एक दृश्य जवळून. चित्रपट उघडतो तो चुलीवरच्या काळ्या पत्र्याच्या डब्यावर. पाण्याला उकळी येते. चहाची पूड पडते, मग पांढरी साखर. चौकटीबाहेर मारहाण चालू आहे, शिव्या ऐकू येतात, माणूस दिसत नाही. पटकथेच्या पानावर हे चार-पाच ओळींत मावेल. पण चार-पाच ओळींत काळ, वंश, हिंसा आणि पाहणाऱ्याची जागा ठरून जाते: आपण जवळ आहोत, ऐकतो आहोत, हस्तक्षेप करत नाही.

फिलोमॅकची रचना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तो चोरतो, लपतो, पाहतो. जवळजवळ प्रत्येक गुन्ह्याच्या कडेला तो आहे. खटला उभा राहतो तेव्हा न्यायाधीशाला सत्य शोधायला किती फिरावं लागतं ते पाहा, आणि ते सत्य प्रेक्षकाला आधीच दिसलेलं असतं. म्हणजे 'काय झालं' हे रहस्य नाही. कोणाचं ऐकलं जाईल, हा ताण आहे. मुलाखतीत वर्षं घालवलेल्या लेखकाला हा ताण पुरेपूर ठाऊक असतो. खटल्यात सॅमची बायको लिझी तोंड उघडत नाही, आणि ती का बोलत नाही हे कळायला आपल्याला 'सर्व्हंट ऑर स्लेव्ह'मधल्या आज्यांचं मौन आठवावं लागतं.

न्यायालयाची इमारतच नाही, म्हणून खटला गावाच्या रस्त्यावर उघड्यावर चालतो. सॅम निर्दोष सुटतो. आणि गाव सोडताना त्याला गोळी लागते. कायदा एकदाचा बरोबर वागला तरी गावाने कायदा मानलेला नाही. हा शेवट निकालाच्या आधी ठेवला असता तर ती फक्त झुंडशाही झाली असती. निकालानंतर ठेवल्यामुळे आरोप संपूर्ण व्यवस्थेवर जातो. पटकथेचा खरा कणखरपणा या क्रमात आहे.

मजकूर

+१. पानांच्या हिशेबाबद्दल थोडं: पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट असा ढोबळ नियम आहे, पण तो संवादप्रधान लेखनाला लागू पडतो. अशा कमी संवादाच्या पटकथेत 'ते टेकडी चढतात' ही अर्धी ओळ दोन मिनिटं खाते. वेळापत्रक नुसत्या पानांवर बेतलं तर चित्रीकरण दर दिवशी मागे पडत जातं. म्हणून प्रत्येक मूक दृश्याला लेखक-दिग्दर्शकाने मिळून अंदाजे सेकंद लिहून द्यावे लागतात.

'स्वीट कंट्री'ला पार्श्वसंगीत नाही, हेही सांगायला हवं. त्यामुळे मूक दृश्य कमकुवत लिहिलेलं असतं तर झाकायला काहीच नव्हतं. आणि मधे मधे येणारे भूत-भविष्याचे निःशब्द तुकडे हे दिग्दर्शन-संकलनाचं काम आहे. ते टिकतात कारण खालची कथा सरळ आणि घट्ट आहे.

माळरान

मालिकांबद्दल कोणी लिहील का? एकट्याने ऐकून लिहिणारा माणूस लेखकांच्या गटात कसा बसतो?

तिसरी घंटा

थोडक्यात लिहितो. 'रेडफर्न नाऊ' (२०१२-१३) ही मूलनिवासींनी लिहिलेली, दिग्दर्शित केलेली आणि निर्माण केलेली पहिली ऑस्ट्रेलियन कथामालिका. ब्रिटिश लेखक जिमी मॅकगव्हर्न कथा-निर्माता म्हणून सोबत होता. प्रत्येक भाग वेगळ्या घराची गोष्ट, त्यामुळे लेखकाला एक भाग पूर्ण स्वतःचा मिळे. माहितीपटातून आलेल्या माणसाला हे सोयीचं: एक घर, एक पेच, पन्नासेक मिनिटं.

'मिस्ट्री रोड' (२०१८, २०२०, आणि २०२२ चं 'ओरिजिन') वेगळी. दिग्दर्शक आयव्हन सेनच्या चित्रपटांतून आलेला पोलीस डिटेक्टिव्ह जे स्वान, एकच गुन्हा सहा भागांत. इथे लेखक एकत्र बसतात, आधी संपूर्ण गुन्ह्याचा खरा क्रम भिंतीवर मांडतात, मग तो कोणत्या भागात किती उघडायचा ते ठरतं, आणि त्यानंतर भाग वाटले जातात. अशा लेखनात नेहमी बिघडतं ते चौथ्या भागात. सुगावे तिसऱ्यापर्यंत संपलेले असतात आणि उकल सहाव्यासाठी राखलेली असते. उपाय एकच, मधल्या भागात गुन्ह्याऐवजी माणसाची गोष्ट पुढे न्यायची. पहिल्या मालिकेत मधल्या भागांना जे बळ आहे ते जमिनीच्या आणि जुन्या गुन्ह्याच्या गोष्टीतून आलं आहे, पाठलागातून नाही.

पहिल्या दोन मालिकांत जे स्वानची भूमिका ॲरन पीडरसनची. 'माय ब्रदर व्हिनी' मध्ये भावाला सांभाळणारा तोच. ज्याचं घर माहितीपटासाठी जवळून पाहिलं, त्याच्याच तोंडी पुढे बारा वर्षांनी संवाद लिहायचे, असं फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतं.

पाणवठा

पाहायचं कुठे, हे कोणीतरी विचारेलच म्हणून. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी एसबीएस ऑन डिमांड आणि एबीसी आयव्ह्यू दोन्हीकडे शोधावं. दोन्ही मोफत आहेत, पण देशाबाहेर चालत नाहीत, आणि माहितीपट येत-जात असतात. सार्वजनिक ग्रंथालयाचं सदस्यत्व असेल तर कॅनोपी या ग्रंथालयांमार्फत चित्रपट दाखवणाऱ्या सेवेवरही पाहावं. भारतातून 'स्वीट कंट्री' आणि 'मिस्ट्री रोड' मिळण्याची शक्यता जास्त, जुने माहितीपट कठीण. उपशीर्षकं चालू ठेवा, कारण 'स्वीट कंट्री'त इंग्रजीबरोबर अर्रेर्न्टे आहे आणि गुराख्यांची मिश्र बोलीही.

क्रम विचाराल तर आधी 'सर्व्हंट ऑर स्लेव्ह', मग 'स्वीट कंट्री'. उलट पाहिलं तरी बिघडत नाही, पण खटल्यातल्या लिझीच्या त्या दृश्यासाठी पहिला क्रम बरा.